परदेशच्या वर्गात आपली मुले
(नाशिक येथील एका वसतिगृहात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्याने मुंबईच्या चौपाटीपलीकडचा समुद्र पाहिला नाही, त्याने परदेशच्या विद्यापीठांवर व्याख्यान द्यावे, ही गोष्ट हसण्यासारखीच आहे. आम्ही मराठी ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले खेड्यातले शाळामास्तर. इंग्रजी आम्हांस वाचता येते, बोलताना जीभ अडखळते. तरीही चालकांनी आग्रह धरला व आम्ही तो मानला, याचे कारण एक मुलगा आहे. तो निफाड तालुक्यातला, शेतकऱ्याचा, आमच्या हाताखाली मुळाक्षरे शिकलेला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याच्यासारखी मुले आता गावोगाव आहेत.

गेल्या वर्षी तो शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करण्यास इंग्लंडात गेला. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली होती. ती टळली यात आमचाही दोष आहे, कारण तो आम्हांस विचारावयास आला तेव्हा आम्हांस धड माहिती नव्हती. बापाने द्राक्षाच्या दोन एकरांवर कर्ज काढले. गावाने मुलाला हार घातले, आम्ही भाषण केले. आणि पुरते तीन महिनेही झाले नाहीत तोच एका रात्री दोन वाजता आमचा फोन वाजला. मुलगा रडत होता. म्हणाला, “गुरुजी, मला वर्गातले काही समजत नाही. मी इथे शोभत नाही. परत येऊ का? दादांना तुम्ही सांगा.”

सज्जनहो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. परत ये म्हणावे, तर दोन एकर गेले आणि पोराचा धीर कायमचा खचला. राहा म्हणावे, तर कशाच्या बळावर? म्हणून आम्ही त्याला एकच सांगितले, “तुला काय समजत नाही ते मला एकेक करून सांग.” पुढे आठ-पंधरा दिवस तो रोज सांगत गेला व आम्ही वहीत टिपून घेत गेलो. आजचे भाषण त्या वहीतले आहे.

पहिली अडचण बोलण्याची. तिकडे शिक्षक तासभर व्याख्यान देतो, परंतु खरा अभ्यास सेमिनारात होतो. दहापंधरा मुले टेबलाभोवती बसतात. आठवड्याचे वाचन आधीच नेमून दिलेले असते, ते वाचून यावयाचे, आणि मग शिक्षक फारसे सांगत नाही, मुलांनाच बोलते करतो. कोणी म्हणतो, ह्या ग्रंथकाराचे मत मला पटत नाही. शिक्षक रागावत नाही, कारण विचारतो. आमचा मुलगा पाच आठवडे त्या टेबलाशी तोंड मिटून बसला. गोरी मुले फार हुशार व आपण ठोंबे, असे त्याने मनाशी धरले.

दुसरी अडचण लिहिण्याची. आपल्याकडे गाइडातले उत्तर जसेच्या तसे उतरविणारा मुलगा पहिला येतो. तिकडे दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता उतरविले तर ती चोरी ठरते. निबंध संगणकावर तपासतात व चोरी उघड होते. त्यावरून मुलाला नापास करतात, प्रसंगी काढूनही टाकतात. आमच्या मुलाच्या पहिल्या निबंधावर शिक्षकाने शेरा मारला की, ग्रंथकार काय म्हणतात ते कळले, तुमचे म्हणणे कोठे आहे? मुलगा आम्हांस म्हणाला, “गुरुजी, माझे म्हणणे आजवर कोणी विचारलेच नव्हते.”

तिसरी अडचण गुणांची. हे पालकांनी नीट ऐकावे. इंग्लंडच्या बहुतेक विद्यापीठांत सत्तर गुण म्हणजे वरचा वर्ग. एम.ए., एम.एस्सी.च्या परीक्षेत पन्नासाला उत्तीर्ण, साठ म्हणजे चांगले. इकडे नव्वद टक्के मिळविलेल्या मुलाला तिकडे अठ्ठावन्न पडले की त्याला वाटते आपण बुडालो, आणि बाप विचारतो, “एवढे पैसे घातले नि अठ्ठावन्नच?” तो अठ्ठावन्न चांगल्यापैकी आहे, हे बापाला कोणी सांगावयाचे?

ह्या तीन अडचणी ऐकल्यावर आमच्या लक्षात आले की, ह्यांतली पहिली तर आम्हीच त्याच्या पदरी बांधली होती. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला “गप्प बस” कोणी म्हटले? आम्ही. उत्तर पुस्तकातल्या शब्दांत नाही म्हणून अर्धा गुण कोणी कापला? आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना पोथीपुढे व अधिकाऱ्यापुढे तोंड उघडू दिले नाही, म्हणून आपण भटभिक्षुकांस बोल लावतो, आणि तो लावावयासच हवा. परंतु फुल्यांचे नाव घेणाऱ्या मास्तराने आपल्या वर्गात तेच मौन शिकवावे, याला काय म्हणावे? आम्ही हे येथे उघड कबूल करतो.

आता कोणी म्हणेल की हा एका कच्च्या मुलाचा प्रकार आहे. तसे नाही. ज्यांच्या विद्वत्तेपुढे जग नमले त्यांचीही सुरुवात पाहा. १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती व तिच्यामागे दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही. आठवड्याभरात त्यांनी जागा बदलली. चरित्रकार सांगतात की पहिले काही महिने त्यांचेही चित्त अभ्यासात स्थिर नव्हते. नवा देश, नवे मित्र, खेळ व गप्पा यांत वेळ जाई. मग आपण येथे कशासाठी आलो, हा विचार मनाला लागला आणि त्यांनी स्वतःला अभ्यासास जुंपून घेतले. विद्यापीठाच्या दप्तरात त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद आहे : अर्थशास्त्राचे २९ पाठक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. सेलिग्मन व ड्युई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळे बसविले, तो कोलंबियात सर्वांच्या टेबलाशी बसला. आणि त्या टेबलाशी त्याने काय मांडले? ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. पुस्तके त्यांनी पुष्कळ वाचली होती. परंतु ज्या विषयाचा चटका स्वतःच्या अंगाला बसला होता, तोच त्यांनी त्या परक्या सभेपुढे ठेवला. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात धरावी. आपण रिकाम्या हाताने जात नाही.

पुढचेही पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले, आणि ग्रंथ घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली. सिडनेहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या कोलंबियातल्या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला. त्यांनी तो सिद्धान्त न बदलता पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. बाबासाहेबांचा कागद परत येऊ शकतो, तर तुमचा निबंध परत आला म्हणून आकाश कोसळले असे समजू नका.

दुसरे उदाहरण विठ्ठल रामजी शिंद्यांचे. जमखंडीचा हा गरीब मराठा १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला व दोन वर्षे तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून आला. तेथे त्यांनी रोजनिशी ठेविली. एकट्या माणसाला वही फार मोठी सोबत देते. परत आल्यावर १९०६ साली त्यांनी मुंबईस डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. आणि प्रकृतीची हेळसांड करू नये याची आठवण म्हणून आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतो. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. शरीर गेले म्हणजे पदवी कोणाच्या कामाची?

बरे, मग आमच्या मुलाचे काय झाले? आम्ही त्याला सांगितले की पुढच्या सेमिनारात एक प्रश्न लिहून ने व तो पहिल्या दहा मिनिटांत वाचून टाक. उशीर केलास तर धीर सुटेल. दुसरे, शिक्षकाची भेटीची ठरलेली वेळ असते, त्या वेळी जा आणि समजत नाही असे सरळ सांग. तो भीत भीत गेला. शिक्षक म्हणाले, “बरे झाले आलात, निम्मा वर्ग येतच नाही.” त्यांनी एक ग्रंथ कसा वाचावा, कोणते प्रकरण सोडावे, हे अर्धा तास बसून समजाविले. सगळे वाचावयाचे नसते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते!

नंतर एके दिवशी नाशवंत मालाच्या भावावर चर्चा निघाली. पुस्तकात होते की भाव पडला तर शेतकऱ्याने माल साठवावा. आमचा मुलगा बोलला. लासलगावचा लिलाव कसा चालतो, चाळीतला कांदा किती सडतो, कर्जाचा हप्ता आला म्हणजे पडत्या भावातही ट्रॅक्टर बाजारात का न्यावा लागतो, हे मोडक्या इंग्रजीत सांगितले. टेबलाभोवतीची मुले लिहून घेऊ लागली. त्या रात्रीही फोन आला. या वेळी तो रडत नव्हता. सर्व गोड झाले असे मात्र समजू नका. पहिला निबंध नापास झाला होता, तो पुन्हा लिहून पन्नासावर सुटला. पुढच्याला एकसष्ट पडले. पदवी अजून हाती नाही आणि दोन एकरांवरचे कर्ज तसेच आहे. परंतु परत येऊ का, हे तो आता विचारीत नाही.

जाणाऱ्या मुलांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. इंग्लंडात व्हिसाबरोबर आरोग्याचा आकार आधीच भरलेला असतो. गेल्याबरोबर डॉक्टराकडे नाव नोंदवा. सत्र चालू असता पदवीच्या विद्यार्थ्यास आठवड्यास २० तासांहून अधिक काम करता येत नाही. मालक अधिक देतो म्हणाला तरी घेऊ नका, व्हिसा जाईल. आपल्याच लोकांत जेवा-खा, पण वर्गातला एक तरी परका मित्र जोडा. भथेनांची गोष्ट विसरू नका. आणि घरी खोटे लिहू नका. “सगळे मजेत आहे” या वाक्याने पुष्कळ मुले एकटी पडली आहेत.

पालकांना विनंती एवढीच की फोनवर गुण विचारण्याआधी “जेवलास का, बोलायला कोणी आहे का?” हे विचारा. आणि कर्ज काढण्याआधी शिष्यवृत्ती पाहा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे; इतर मागास, भटके-विमुक्त व आदिवासी यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत; मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीमार्फत सयाजीराव महाराजांच्या नावाची आहे. अर्जाची तारीख ध्यानात ठेवणे हे मास्तराचे काम आहे. आम्ही ते चुकलो, तुम्ही चुकू नका.

शेवटी नाशिककरांस एक शब्द. १९१४ साली, भीमराव कोलंबियात शिकत होते त्याच काळात, या शहरात मराठा विद्या प्रसारकांनी उदोजी बोर्डिंग उभे केले. १९२० साली खुद्द शाहू महाराज नाशकात वसतिगृहाच्या पायाभरणीस आले. त्या पुढाऱ्यांना हे ठाऊक होते की कळवण-सुरगाण्याच्या पोराला नाशिकच परदेश आहे. त्याला भाकरी, अंथरूण आणि “घाबरू नको” म्हणणारा एक माणूस मिळाला, तर तो टिकतो. आज मुले लंडनला पोचली म्हणून हे काम संपले नाही. जे तिकडून शिकून आले आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस येथे यावे, जाणाऱ्या मुलांना टेबलाभोवती बसवावे व त्यांना बोलावयास लावावे. एवढ्यास पैसा लागत नाही.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, आम्ही आमच्या चौथीच्या वर्गात दर शनिवारी एक तास ठेवला आहे. त्या तासाला मुलांनी प्रश्न विचारावयाचे, मास्तरांनी गप्प बसावयाचे. पहिल्या शनिवारी कोणी बोलले नाही. दुसऱ्या शनिवारी एका मुलीने विचारले, “गुरुजी, तुम्हांला न येणारे काय काय आहे?” उत्तर देण्यास आम्हांस तो तास पुरला नाही.

 सत्यमेव जयते.