उतारवयातील मातृत्व आणि जुळी मुले
(सुवर्णमहोत्सवानिमित्त फूलबाग येथे दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. मुलांना विज्ञान शिकविणारी शिक्षिका आहे. तरीही हा विषय मुद्दाम निवडला. पस्तिशी-चाळिशी गाठलेल्या बाईला दिवस राहिले, आणि तेही जुळ्यांचे, तर घरात आनंदापेक्षा कुजबुजच अधिक होते. कोणी म्हणते, जोडकेळे खाल्ले असेल. कोणी म्हणते, सून आणायच्या वयात हे काय! मग संकोचाने बाई दवाखान्यात जातच नाही, आणि मोलाचे पहिले तीन महिने हातचे जातात.

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फळलेल्या बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात ती एकसारखी. त्यांचे प्रमाण जगभर हजार प्रसूतींमागे सुमारे ४ असून आईच्या वयाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरी, दोन निराळ्या बीजांची. वय वाढले की बीजकोश मंदावतात. त्यांना चालना देण्यासाठी मेंदूच्या तळाची ग्रंथी आपला रस अधिक सोडते, आणि कधी एकाच महिन्यात दोन बीजे पक्व होतात. म्हणून अशी जुळी ३५ ते ३९ या वयात अधिक आढळतात. यात केळ्याचा संबंध नाही आणि बाईचा दोष तर मुळीच नाही.

दुसरे कारण उपचारांचे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बालिका जन्मली. या उपचारात एकाहून अधिक गर्भ गर्भाशयात सोडले, तर जुळ्यांचा संभव वाढतो. २०१९ साली आंध्रातील गुंटूर येथे सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जुळ्या मुली झाल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुढे २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीची वयोमर्यादा ५० वर्षे ठरविली.

आता काळजीचे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्यापूर्वीच जन्मतात. जुळ्यांच्या आईला रक्तदाब, पंडुरोग आणि शस्त्रक्रियेने प्रसूती यांचा संभव अधिक. वयाने रक्तदाब व मधुमेहाची त्यात भर पडते. परंतु वय झाले म्हणजे बाळंतपण बिघडणारच, असे नाही. वेळेवर देखरेख हवी. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करून दोन्ही बाळांची वार एक की दोन, हे पाहून घ्यावे. वार एकच असल्यास एका बाळाला रक्त कमी, दुसऱ्याला जास्त जाण्याचे भय असते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी लागते. प्रसूती मात्र नवजात बाळांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी. आपल्या ग्वाल्हेरीत कमलाराजा रुग्णालय आहे. शिवाय २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते.

भगिनींनो, आपल्या घरी असा प्रसंग आला तर त्या बाईला वय विचारून लाजवू नका. त्याच आठवड्यात तिचे नाव दवाखान्यात नोंदवा. आणि बंधूंनो, तिच्यासोबत आपण स्वतः जा. एवढे झाले तरी या महोत्सवाचे सार्थक झाले, असे मी समजेन.