नोकरी काय शिल्लक ठेवते



पदवीचा निकाल लागून वर्ष-दीड वर्ष झालं की आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागतं, "आधी कुठंतरी चिकट, मग पुढचं बघू." बोलणारे वडील असतात, नाहीतर मामा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात सिनेमा असतो, संशोधन असतं, उपजिल्हाधिकाऱ्याची खुर्ची असते; आणि समोर आलेली असते गोदामात माल मोजायची, कापडदुकानात गठ्ठे उलगडायची किंवा कुठल्यातरी कचेरीत फॉर्म तपासायची नोकरी. मुलाला वाटतं, ही धरली की आपण संपलो. मामाला वाटतं, पोराला घमेंड चढली आहे. आज मी मामाची बाजू घेणार आहे, पण सगळी नाही. मामा पगार विचारतो, कायम कधी करणार ते विचारतो, पेन्शन विचारतो. ही नोकरी करून आल्यावर दिवसात आणि डोक्यात काय उरतं, हे मात्र विचारत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

प्राग शहरातल्या लेखक फ्रान्झ काफ्काला हा प्रश्न फार लवकर कळला. कायद्याची डॉक्टरेट घेऊन हा तरुण ऑक्टोबर १९०७ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीत लागला. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी सहाला सुटायचं. घरी पोचेपर्यंत लिहायचं त्राण संपलेलं. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यानं ती नोकरी सोडली. आणि धरली कुठली? पुन्हा विम्याचीच! कारखान्यात जखमी झालेल्या कामगारांना भरपाई देणारी ती निमसरकारी संस्था होती. काम तितकंच रुक्ष, पण तिथं दुपारी दोनला सुट्टी होई. मग जेवण, झोप, फेरफटका आणि रात्री लेखन. सप्टेंबर १९१२ मध्ये एका रात्री दहाला तो टेबलाशी बसला आणि पहाटे सहाला एक अख्खी कथा लिहून उठला. त्या सकाळी त्यानं साहेबाला चिठ्ठी पाठवली की जरा भोवळ आली आहे, अंगात किंचित ताप आहे, उशिरा येतो. जगातल्या तमाम कारकुनांनी या चिठ्ठीची तसबीर लावायला हरकत नाही.

काफ्का या नोकरीबद्दल जन्मभर कुरकुरला. तरी काम त्यानं चोख केलं. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांत कामगारांची बोटं जात होती. चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा बसवला तर ती कशी वाचतील, यावर त्यानं आकृत्यांसह अहवाल लिहिला. नावडती नोकरी वाईट केलीच पाहिजे, असा काही नियम नाही. उलट वाईट केली की साहेबाची बोलणी, मेमो, अर्धवट फायली असं सगळं डोक्यात भरून घरी येतं आणि रात्रीही तेच चालू राहतं. काम हातावेगळं करून निघणाऱ्याची संध्याकाळ जास्त मोकळी असते.

प्राग दूर वाटत असेल तर मुंबईत या. अमरीश पुरी १९५० च्या दशकात पडद्यावर नायक व्हायला मुंबईत आले. थोरले भाऊ मदन पुरी सिनेमात होते, तरी यांना कोणी घेईना. ते चिकटले कर्मचारी राज्य विमा महामंडळात. योगायोग पाहा, इथंही कामगारांचा विमाच! तिथं त्यांनी दोन दशकं नोकरी केली. सकाळी मस्टरवर सही आणि संध्याकाळी नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या तालमी. सिनेमात त्यांचा जम बसला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. आपल्याला आठवतो तो १९८७ सालचा 'मोगॅम्बो', पण त्या आवाजामागची मेहनत कचेरी सुटल्यानंतरच्या तासांत झालेली आहे. अशोक सराफही बरीच वर्षं स्टेट बँकेत होते. मराठी हौशी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यानं बँका, आयुर्विमा, रेल्वे आणि महापालिका यांच्या कचेरीच्या वेळांना एक प्रकरण द्यायला हवं. साडेपाचला टेबल आवरायचं आणि साडेसहाला तालमीच्या जागी हजर व्हायचं, यावर कित्येक संस्था उभ्या राहिल्या. आज तशीच माणसं रात्री नऊपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेली असतात आणि तालमीला चार माणसं जमवता जमवता दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात.

ही झाली पांढरपेशांची गोष्ट. हातात झाडू किंवा डोक्यावर ओझं असेल तर? तिथंही वेळेचा हिशेब तोच लागतो, फक्त जास्त कठोरपणे. मुंबईच्या गिरणगावात पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. पहिल्या पाळीचा माणूस साडेतीनला मोकळा. तो संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन बसू शकत होता आणि मुंबईत पुष्कळांनी तसं केलं. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ मध्ये, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा नीट वाजू लागण्याच्याही आधी. पण त्याच गिरणीच्या फाटकावर बदली कामगारही उभा असे. कायमचा कोणी गैरहजर राहिला तर याला आत घेणार, नाहीतर परत घरी. आज काम आहे का, असलंच तर कुठल्या पाळीला, हे त्याला फाटकावर गेल्याशिवाय कळत नसे. अशा माणसानं शाळेत नाव घालायचं कसं? पैसे तर त्याला कमी मिळतच. त्यात उद्याची संध्याकाळ आपली आहे की नाही, हेही ठाऊक नसे.

घरपोच डबे आणि किराणा पोचवणारी आजची मुलं मला त्या बदलीवाल्याचे नातू वाटतात. जाहिरातीत सांगतात, हव्या त्या वेळी काम करा. प्रत्यक्षात ऑर्डर येते ती लोकांच्या भुकेच्या वेळी, म्हणजे दुपारी आणि रात्री, आणि पाऊस कोसळत असताना सगळ्यात जास्त. इन्सेन्टिव्ह हवा तर अमुक इतक्या ऑर्डर पुऱ्या करा. मधला वेळ मोकळा असतो खरा, पण तो कुठल्यातरी हॉटेलच्या पायरीवर, मोबाइलवर डोळा ठेवून. त्यात पुस्तक वाचून होत नाही. पैशाची नड असेल तर हे काम जरूर करावं. अभ्यासही सोबत होईल, ही आशा मात्र बेतानंच ठेवावी.

या बाबतीत कवी नारायण सुर्वे यांची वाट फार शिकवणारी आहे. रस्त्यावर सापडलेलं हे मूल गंगाराम आणि काशीबाई या गिरणी कामगार जोडप्यानं वाढवलं. पुढं गंगाराम गावी निघून गेले आणि पोरवयातच नारायण मुंबईत एकटे पडले. घरगडी, हॉटेलात कपबशा विसळणं, गिरणीतली कामं, हमाली, मिळेल ते केलं. मग महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले. हमालीनंतरची ही नोकरी मला त्यांच्या आयुष्यातलं मोठं वळण वाटते. पदाला मान बेताचा, पण वेळ ठरलेली, पगाराची तारीख ठरलेली आणि दिवसभर समोर वर्ग भरलेले. ते व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाले आणि शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला कवितासंग्रह १९६२ मध्ये आला; १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सोलापूरच्या न्यायालयात अगदी खालच्या पायरीवर नोकरीला लागलेले सुशीलकुमार शिंदे पुढं वकील झाले, मुख्यमंत्री झाले. दोघांच्याही बाबतीत हलकी नोकरी हव्या त्या दाराशीच होती.

म्हणून काही तरुण असा निष्कर्ष काढतात की काम कसलंही चालेल, पण आपल्याच क्षेत्रातलं हवं. इथं मी थोडा थांबतो. मालिकांच्या सेटवर लेखक-दिग्दर्शक व्हायला आलेली कितीतरी मुलं सहायक म्हणून राबतात. बारा तासांची शिफ्ट, वर येण्याजाण्याचे तीन तास, मानधन जेमतेम किंवा पुढच्या महिन्यावर ढकललेलं. क्षेत्र आपलं, माणसं ओळखीची, आणि दोन वर्षांत स्वतःचं एक पान लिहून होत नाही. यांच्यापेक्षा लॉजच्या काउंटरवर रात्री किल्ल्या सांभाळणारा मुलगा जास्त लिहून जाईल. काफ्काच्या विमा कचेरीचा आणि साहित्याचा तरी काय संबंध होता?

स्पर्धा परीक्षांच्या जगात हा हिशेब मुलांनी स्वतःच मांडलेला आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत, मेसच्या रांगेत, तुम्हाला दोन पंथ भेटतील. एक म्हणतो, नोकरी धरली की अभ्यास सुटतो. दुसरा म्हणतो, आधी एक पोस्ट काढ. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे. म्हणजे बाविसाव्या वर्षी बसलेला मुलगा सोळा वर्षं 'तयारी करतोय' असं सांगत घरून पैसे मागवू शकतो. एवढी मुभा माणसाच्या भल्याची नाही, असं माझं मत आहे. दुसऱ्या पंथातली मुलं मात्र पोस्ट निवडतानाही डोकं लावतात. फौजदाराची वर्दी रुबाबाची, पण बंदोबस्ताला वेळकाळ नाही. तलाठ्याला अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुकीची कामं आणि सातबाऱ्यासाठी दारात उभी माणसं. मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी फायलींत बुडतो, पण २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार हातात राहतो. बदलापूरहून जाता-येता लोकलमध्ये बसायला मिळालं तर वर चालू घडामोडींची एक पुस्तिका.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अर्धवट पडतो. नोकरीनं संध्याकाळ शिल्लक ठेवली तरी घर ती ठेवेल, याची खात्री नसते. एकाच कचेरीतून सहाला निघालेल्या भावाला चहा मिळतो आणि बहिणीला कणीक मळायला मिळते. तेव्हा "आधी कुठंतरी चिकट" असं मुलीला सांगणाऱ्यांनी स्वयंपाकाचं काय ठरलं, तेही सांगावं. कित्येकजणी म्हणूनच दुसऱ्या गावची, वसतिगृहात राहायला लागेल अशी कमी पगाराची नोकरी पसंत करतात. त्यांचं गणित चुकलेलं नसतं.

एक धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही. अगदी वाईट नोकरी माणसाला फार दिवस धरून ठेवत नाही. धरून ठेवते ती बरी नोकरी. पहिल्या वर्षी आपण बाहेरचे असतो. तिसऱ्या वर्षी बढती होते, दोन माणसं हाताखाली येतात, गाडीचा हप्ता सुरू होतो, मग घराचा. लग्नाच्या पत्रिकेत हुद्दा छापला जातो. कोणी अडवत नाही आणि तरी पाय निघत नाही. यात हरल्यासारखं काही आहे, असं मी म्हणणार नाही. काहींना ते काम पुढं आवडायलाही लागतं. पण मूळ बेत अजून जिवंत असेल तर पहिलं मोठं कर्ज काढताना चार रात्री विचार करावा. हप्ता हा मामापेक्षा कडक असतो.

आता निघायचं कधी? अमरीश पुरींनी पुष्कळ वाट पाहिली. काफ्का क्षयानं अंथरूण धरेपर्यंत निघालाच नाही. १९२२ मध्ये संस्थेनं त्याला पेन्शन दिली. शिवाजीराव गायकवाड लवकर निघाले. बंगळूरच्या मराठी कुटुंबातला हा मुलगा शहरबसमध्ये कंडक्टर होता आणि १९७३ मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. पुढं तो रजनीकांत झाला, हे सांगायला नको. त्याच्या बसचे ड्रायव्हर राज बहादूर यांचं नाव मात्र सांगायला हवं. जा म्हणून त्यांनीच पाठ धरली आणि स्वतःच्या पगारातून शिक्षणाला हातभार लावला. प्रत्येकाला असा ड्रायव्हर भेटत नाही. भेटलाच तर किती महिने, महिन्याला किती आणि परत कधी, हे आधी बोलून घ्यावं.

ज्यांची नोकरी राज्य सरकारची आहे त्यांनी राजीनामा लिहिण्याआधी १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम उघडावेत. त्यात असाधारण रजेची तरतूद आहे. पगार मिळत नाही, मंजुरी साहेबाच्या हातात असते, पण मंजूर झाली तर खुर्ची राहते. आस्थापनेवरचा लिपिक ही रजा आपणहून कधी सांगत नाही. त्याला विचारावी लागते.