पितृमुखी तलंग, मातृमुखी कोंबडा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या, ओट्यावर निवडण-टिपण करत ऐकणाऱ्या आणि बांधावर मोबाईल ठेवून खुरपता खुरपता ऐकणाऱ्या सगळ्या ताया-मावश्यांना माझा रामराम. आज बोलायचं आहे परसातल्या कोंबड्यांबद्दल, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू तलंग होणार की कोंबडा, हे पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? दोन-अडीच महिन्यांत तुरा आला की कळतंच की. कळतं, पण तोवर दाणा खाऊन झालेला असतो आणि वाटणीही झालेली असते. मी गटांची समन्वयक म्हणून गावोगाव फिरते. एका गटानं कर्ज काढून १०० पिल्लं आणली आणि १० जणींनी १०-१० वाटून घेतली. एकीच्या वाट्याला ७ कोंबडे आणि ३ तलंगा आल्या, तर शेजारणीकडे नेमकं उलटं झालं. हप्ता मात्र दोघींना सारखाच. जिच्या घरी कोंबडे आले ती एकटी बाई होती. अंडी विकून हप्ता भरायचा, हा तिचा हिशेब होता. तीन कोंबड्यांच्या अंड्यांवर तो कसा जमायचा? पुढं बैठकीत बोलाचाली झाली आणि तिनं येणंच सोडलं. यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. मिसळलेली पिल्लं वाटली की दहा जणींत एखाद-दुसरीच्या नशिबी असं येणारच. म्हणून हा विषय कोंबड्यांइतकाच गटाच्या एकोप्याचाही आहे.

आता आपल्याकडच्या जुन्या खुणा बघू. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग. अंड्यावर दोऱ्याला अंगठी बांधून धरायची आणि ती कशी फिरते ते बघायचं. पिल्लू मानेला धरून उचलायचं आणि पाय झाडतंय का बघायचं. यातली एकही खूण खरी नाही. निम्म्या वेळा बरोबर येते, कारण निम्मी पिल्लं नर आणि निम्मी मादी असतात. डोळे मिटून सांगितलं तरी तेवढं जमतं.

खरी खूण रंगात असते, पण ती कोणत्याही पिल्लात सापडत नाही. त्यासाठी आई-बाप निवडून जोडी लावावी लागते. हे ज्ञान १०० वर्षांपूर्वीचं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दाण्याची टंचाई होती. तेव्हा केंब्रिजचे शास्त्रज्ञ पनेट यांनी सुचवलं की योग्य रंगाचे आई-बाप घेतले तर नर पिल्लं पहिल्याच दिवशी वेगळी काढता येतील आणि दाणा वाचेल. त्यांची अडचण आणि आपल्या कणगीची अडचण एकच होती.

यामागचं कारण सोपं आहे. आपल्याकडे मुलगी बापाच्या तोंडावळ्याची असली की म्हणतात, पितृमुखी, भाग्याची. कोंबड्यांत काही रंगांच्या बाबतीत हे अगदी नियमानं घडतं. पिसांवरच्या पट्ट्यांचा गुण कोंबडीकडे एकच असतो, आणि तो ती फक्त मुलग्याला देते. मुलीला आईकडून तो मिळतच नाही, तिला या बाबतीत जे मिळतं ते बापाकडून. म्हणून आई पट्ट्यांची आणि बाप बिनपट्ट्यांचा असला, तर सगळे कोंबडे आईसारखे पट्टेवाले आणि सगळ्या तलंगा बापासारख्या बिनपट्ट्याच्या होतात. पितृमुखी तलंग, मातृमुखी कोंबडा. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगते. कोंबड्यांत नर की मादी हे आईच्या अंड्यावर ठरतं. माणसांत ते बापाच्या बीजावर ठरतं. आई प्रत्येक बाळाला एकाच प्रकारचं गुणसूत्र देते. मुलगा की मुलगी हे ठरवणारं गुणसूत्र येतं ते बापाकडून, आणि तेही त्याच्या हातात नसतं. तरी मुली झाल्या म्हणून बोल लावतात तो सुनेलाच. पुढच्या वेळी कोणी असं बोललं तर कोंबडीचं उदाहरण देऊन समजावा. आणि गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपण आज बोलतोय ते फक्त खुराड्यातल्या, जन्मलेल्या पिल्लांबद्दल.

आता जोडी कशी लावायची ते ऐका. बाप घ्यायचा तांबडा, ऱ्होड आयलँड रेड जातीचा. हा कोंबडा आपल्याकडे माहितीचा आहे. आई घ्यायची पट्ट्यांची प्लायमाऊथ रॉक. तिच्या प्रत्येक पिसावर आडव्या काळ्या-पांढऱ्या रेघा असतात, लुगड्याच्या काठासारख्या एकाखाली एक. आपल्या गावरान कोंबड्यांतही अशी आडव्या पट्ट्यांची कोंबडी कधी कधी सापडते. पण नुसती ठिपक्यांची, काबरी कोंबडी चालणार नाही. पीस हातात घेऊन बघा. रेघ आडवी आणि एकामागून एक हवी.

या जोडीची पिल्लं काळी निघतात. अंग वाळून पिल्लू फुललं की फक्त डोकं बघायचं. डोक्यावर मधोमध पांढरट ठिपका असेल तर तो कोंबडा. डोकं सगळं काळं असेल तर ती तलंग. पोटाखाली आणि पंखांच्या टोकाला दोघांनाही पांढरट रंग असू शकतो, त्याकडे बघायचं नाही. हे काम पहिल्या एक-दोन दिवसांतच उरका, आणि कोंबड्यांच्या पायाला रंगीत दोरा सैलसर बांधा. पाय वाढतो तसा दोरा बदलत राहा, नाहीतर तो मांसात रुततो. पुढं पिसं आली की खात्री होते. कोंबड्यांच्या अंगावर पट्टे येतात, आणि तलंगा काळ्याच राहून मानेला तांबूस छटा धरतात.

आई गावरान असेल तर पिल्लांचं अंग पुरतं काळं येईलच असं नाही, मग ठिपका नीट दिसत नाही. म्हणून आधी १०-१२ अंड्यांची एकच खेप काढा. ठिपक्यावरून खुणा करा आणि दोन महिने थांबा. खुणा खऱ्या ठरल्या तरच पुढं गटासाठी पिल्लं काढा.

यात चार ठिकाणी गडबड होते. ती नीट ऐका.

पहिली, जोडी उलटी लावणं. बाप पट्ट्यांचा आणि आई तांबडी घेतली, तर मुलगे-मुली सगळ्यांनाच पट्ट्यांचा गुण जातो. डोक्यावर ठिपका सगळ्यांच्याच. काही ओळखता येत नाही.

दुसरी, शेजारचा कोंबडा. गावात कोंबडे मोकळे फिरतात. ज्या घरी ही जोडी ठेवायची तिथं जाळीचं बंदिस्त खुराडं हवं. ८ कोंबड्यांना १ कोंबडा पुरतो. आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, कारण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी जास्तही टिकतं. तोवरची अंडी खा किंवा विका.

तिसरी, पांढरा कोंबडा. पांढऱ्या रंगाखाली दुसरे रंग लपलेले असू शकतात. पांढरी लेगहॉर्न अंड्यांना उत्तम, पण या कामाला नको.

चौथी गडबड सगळ्यात मोठी. या जोडीची पिल्लं चांगली वाढली की वाटतं, यांचीच पुढं पैदास करावी. करू नका. ही खूण एकाच पिढीपुरती असते. पुढच्या पिढीत ठिपके नर-मादी दोघांतही येतात आणि बिनठिपक्याची पिल्लंही दोघांत निघतात. म्हणून मूळ आई-बाप सांभाळायचे. मुली अंड्यांसाठी, मुलगे विक्रीसाठी, आणि पुढची पिल्लं पुन्हा मूळ जोडीचीच.

कोणी म्हणेल, पंख उघडून ओळखणारे लोक असतात. असतात. काही हॅचऱ्यांत आई-बाप तसे निवडलेले असतात. त्यांच्या मादी पिल्लांच्या पंखाची खालची पिसं पहिल्या दिवशी वरच्या ओळीपेक्षा लांब दिसतात, आणि नरांत दोन्ही सारखी असतात. पण आई-बाप तसे नसतील तर पंखावरून काही कळत नाही. त्यामुळे बाजारात कोणत्याही पिल्लाचा पंख उघडून "घ्या ताई, सगळ्या माद्याच आहेत" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. आणि गुलाबी-हिरवी रंगवलेली स्वस्त पिल्लं बहुधा अंड्यांच्या हॅचरीतून काढून टाकलेले नर असतात.

वनराजा, गिरिराज यांची पिल्लं बहुधा मिसळूनच मिळतात. शासनाच्या योजनेच्या कागदावर "मिश्र पिल्ले" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ नर-मादी एकत्र असा आहे. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत एकदिवसीय १०० मिश्र पिल्लं, किंवा २५ माद्या आणि ३ नर असा वाढवलेल्या तलंगांचा गट, असे दोन प्रकार आहेत. यंदा आपल्या तालुक्यात काय चालू आहे ते पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. मिश्र घेतलीत तर वाटणीचा नियम आधी ठरवा, पिल्लं आल्यावर नको.

आता कोंबड्यांचं काय करायचं? टाकून द्यायचे नाहीत. त्यांचाही हंगाम असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अंडी उबवायला बसवली की २१ दिवसांनी, महिनाअखेरीस पिल्लं निघतात. चार-साडेचार महिन्यांत आषाढ येतो. आखाडात रंगीत कोंबड्याला किती मागणी असते ते मी सांगायला नको. श्रावण लागायच्या आत विकून मोकळं व्हायचं. त्याच खेपेच्या तलंगा ऑगस्ट-सप्टेंबरात अंड्यावर येतात. म्हणजे कोंबड्यांचे पैसे एकदम हातात येतात आणि अंड्यांचे थोडे थोडे. शाळेची फी भरायची असेल तिला कोंबडे परवडतील, आणि आठवड्याचा बाजार भागवायचा असेल तिला तलंगा. पहिल्याच दिवशी ओळख पटली तर ज्या बाईला जे हवं ते तिला देता येतं. हाच याचा खरा फायदा.

गटात काम असं वाटून घ्या. एका घरी मूळ जोडीचं खुराडं. उबवायला गावरान खुडूक कोंबड्या ज्यांच्याकडे आहेत त्या दोघी-तिघी. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवायची नाहीत, निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवायची. एका कोंबडीखाली १०-१२ पुरे. पिल्लं निघाली की सगळ्यांसमोर डोकी बघायची आणि वहीत लिहायचं, ठिपक्याची किती, बिनठिपक्याची किती. पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडीची लासोटा लस चुकवू नका. ती चुकली तर तलंग काय आणि कोंबडा काय, खुराडं रिकामंच.

येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीत आडव्या पट्ट्यांच्या कोंबड्या किती आणि कोणाकडे आहेत, तांबडा कोंबडा कोणाकडे आहे, याची यादी करा. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन जातिवंत पक्षी कुठं मिळतील ते विचारा. आणि जी बैठकीला यायची थांबली आहे, तिला बोलवायला दोघी जणी तिच्या घरी जा. नवी वाटणी तिच्यासमोर होऊ द्या.