धुणं धुणाऱ्या आईचं गाव
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हप्ते, बचत, बँकेच्या फेऱ्या हे विषय आज बाजूला ठेवू. आज मी तुम्हाला डेन्मार्क देशातल्या ओडेन्स नावाच्या शहरात नेणार आहे.

तळ्यातल्या बदकांचं आणि त्या कुरूप पिल्लाचं गदिमांचं गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यातली गोष्ट मुळात हान्स ख्रिश्चन अँडरसन या लेखकाची. तो 2 एप्रिल 1805 ला ओडेन्समध्ये जन्मला. त्याचा वाढदिवस आता जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळतात.

हे शहर त्याच्या गोष्टींनी भरून गेलंय. कुठं एका पायाचा शिपाई उभा आहे, कुठं कागदी होडी. फुटपाथवर त्याच्या पावलांचे मोठे ठसे काढलेत. त्या ठशांवरून चालत गेलं की त्याच्या घरापर्यंत पोचता येतं. रस्ता ओलांडायच्या सिग्नलमध्येसुद्धा उंच टोपी घातलेला अँडरसनच दिसतो! ऑगस्टमध्ये आठवडाभर उत्सव असतो. रस्त्यावर, बागेत नाटकं आणि गाणी होतात, आणि त्यातलं बरंचसं फुकट बघायला मिळतं. आपल्याकडच्या जत्रेसारखंच म्हणा, फक्त देव म्हणजे गोष्ट.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आईबद्दल. तिचं नाव आना मारी. ती लोकांची धुणी धुवायची. थंडीत नदीच्या पाण्यात उभी राहायची आणि ऊब यावी म्हणून दारूचा घोट घ्यायची. पुढं ती सवयच लागली. तिला लिहायला-वाचायला जवळजवळ येत नव्हतं. नवरा चांभारकाम करायचा. तो पोराला पुस्तकं वाचून दाखवायचा, पण 1816 ला तो गेला. तीन वर्षांनी चौदा वर्षांचं पोरगं राजधानीला जायचं म्हणून हटून बसलं. आईनं एका जाणत्या बाईला विचारलं. ती म्हणाली, याच्यासाठी एक दिवस सगळं ओडेन्स दिव्यांनी उजळेल. मग आईनं सोडलं.

1867 साली शहरानं त्याचा मोठा सत्कार केला आणि खरंच दिवे लावले. आई मात्र 1833 सालीच निराधारांच्या घरात गेली होती. नदी तीच आहे. आज तिच्या काठच्या बागेत पोराचा पुतळा आहे. मला उत्सव आवडतो, पण हे वाचल्यापासून ते पाणी आधी डोळ्यांसमोर येतं.

आणखी एक सांगते. अँडरसनच्या गोष्टी नुसत्या पुस्तकातून आल्या नाहीत. त्याची आजी गरिबांच्या इस्पितळात बागकाम करायची. तिथं म्हाताऱ्या बायका सूत कातत बसायच्या. हा पोरगा त्यांच्यात जाऊन बसायचा आणि त्या गोष्टी सांगायच्या. त्यांची नावं कुठल्या पुतळ्याखाली नाहीत.

आपल्या बैठकीत बायका म्हणतात, "ताई, मला वाचता येत नाही, मी पोराला काय पुस्तक दाखवू?" अहो, मेणाचं घर, शेणाचं घर कुणी सांगितलं तुम्हाला? भोपळ्यात बसून लेकीकडून परत आलेली म्हातारी कुठल्या पुस्तकात भेटली होती? आजीकडूनच ना? त्या आज्या आता एकेक करून चालल्यात, आणि पोरांच्या हातात मोबाईल आहे.

आता कामाचं बोलते. अंगणवाडीची भिंत रंगवायला काढली की पेंटर मिकी माऊस काढून मोकळा होतो. पेंटर येणारच आहे, मजुरी तेवढीच द्यायची आहे. मग भोपळ्यातली म्हातारी काढायला काय हरकत आहे? ग्रामसभेत विषय मांडा. एकटीनं मांडू नका, गटानं मिळून मांडा. सरपंच हसले तर हसू द्या.

त्याआधी एक करा. पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं ठेवा आणि गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला गोष्ट सांगायला लावा. शाळेत जाणारी एखादी पोर वही घेऊन बसवा. गोष्टीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव लिहा, पूर्ण नाव. नुसतं अमक्याची आई असं नको.