‘मंटो’: लेखकाच्या मनात शिरणारा चित्रपट

उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांच्यावरचा ‘मंटो’ हा चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन नंदिता दास यांचे आहे. मंटोंची भूमिका नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी, तर पत्नी सफियाची रसिका दुगल यांनी केली आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंतची जंत्री देण्याच्या भानगडीत हा चित्रपट पडत नाही. १९१२ ते १९५५ एवढ्या आयुष्यातला फाळणीच्या आगेमागचा तुकडा, म्हणजे साधारण १९४६ ते १९५०, तेवढाच त्याने उचलला आहे.

लेखकावर चित्रपट काढणे तसे अवघडच. खेळाडूचा पराक्रम मैदानावर दिसतो. लेखक मात्र खुर्चीत बसून कागद काळे करत असतो, त्यात बघण्यासारखे काय? नंदिता दास यांनी यावर काढलेला तोडगा हा या चित्रपटाचा खरा विशेष आहे. त्यांनी मंटोंच्या पाच कथा चरित्रातच विणल्या, आणि कथा कुठे सुरू झाली हे प्रेक्षकाला आधी कळू दिले नाही.

सुरुवातच ‘दस रुपये’ या कथेने होते. कोवळ्या वयाची सरिता, मोटारीतून तिला फिरायला नेणारे पुरुष, समुद्रकिनारा, आणि आपल्याला कशासाठी नेले जात आहे याचा पुरता अंदाजच नसलेल्या त्या पोरीचा आनंद. हे सगळे लेखकाच्या कागदावरचे आहे, हे नंतर उमगते. पुढे ‘खोल दो’ येते तेव्हा फाळणीतले निर्वासित, बेपत्ता मुलीला शोधणारा बाप आणि लाहोरात भटकणारे मंटो हे एकाच जगातले वाटू लागतात. मंटोंच्या मनात ते तसेच असणार.

मुंबईचा भाग या चित्रपटात फार जिव्हाळ्याने आला आहे. मंटो भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहत, चित्रपटकंपन्यांसाठी कथा-संवाद लिहीत. अभिनेते अशोक कुमार, लेखिका इस्मत चुगताई ही त्यांची माणसे होती. इस्मत आपा राजश्री देशपांडे यांनी झोकात उभ्या केल्या आहेत. अभिनेता श्याम तर जिवलग मित्र. निर्वासितांच्या कहाण्या ऐकून भडकलेला हाच श्याम एका क्षणी म्हणून जातो की, मुसलमान म्हणून तुलाही मारू शकलो असतो. दंगलीचे एकही मोठे दृश्य न दाखवता फाळणी इथे दोन मित्रांच्या मधे येऊन बसते. १९४८च्या सुरुवातीला मंटो लाहोरला गेले. निघताना पानवाल्याची उधारी ते मुद्दाम फेडत नाहीत. या शहराचे ऋण त्यांना डोक्यावर हवेच असते.

लाहोरात ‘ठंडा गोश्त’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. कनिष्ठ न्यायालयाने तुरुंगवास आणि तीनशे रुपये दंड ठोठावला. अपिलात ते सुटले. साक्षीला आलेले कवी फैज अहमद फैज यांनी कथा अश्लील नाही असे सांगितले, पण श्रेष्ठ साहित्याच्या कसोटीला ती उतरत नाही, अशी पुस्तीही जोडली. सरकारने घाणेरडे म्हटले ते मंटोंनी सोसले असते. हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागते. लेखकाचे मन इतके नेमके पकडणारे दृश्य या चित्रपटात दुसरे नाही.

दारूचे मात्र उदात्तीकरण नाही, हे बरे झाले. पैशाची चणचण, मुलींची आजारपणे आणि सफियाचा थकलेला चेहरा सतत समोर राहतो. व्यसन सोडवण्यासाठी मंटो रुग्णालयात दाखल होतात आणि तिथेच ‘टोबा टेकसिंह’ ही कथा उलगडते. वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग दोन देशांच्या हद्दींमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो.

उणिवाही आहेत. ओळखीचे नट आणि नामवंत साहित्यिक भराभर येऊन जातात. मंटो न वाचलेल्याची त्यात फरपट होते. म्हणून विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहण्याआधी निदान ‘खोल दो’ आणि ‘टोबा टेकसिंह’ वाचाव्यात. दोन्ही कथा अगदी छोट्या आहेत, एका बैठकीत संपतात.