गावात तंत्रशिक्षण केंद्र काढण्यापूर्वी

(रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा-काजू बागायतदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावातल्या मुलांना तंत्रज्ञान शिकविणारे एखादे केंद्र काढावे, असा विचार आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच गावांतून ऐकू येतो. ग्रामपंचायत जागा द्यायला तयार असते, मुंबईचे ग्रामस्थ मंडळ वर्गणीचे मनावर घेते, शाळेचे मुख्याध्यापकही उत्साही असतात. मग पहिली बैठक भरते आणि इमारतीच्या आराखड्यावर संपते. दुसरी बैठक संगणक किती घ्यायचे यावर संपते. तिसऱ्या बैठकीत उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावरून गावात दोन तट पडतात. या तिन्ही बैठकांच्या आधी आणखी एक बैठक व्हायला हवी. मी आज तिच्याविषयी बोलणार आहे.

तुमच्या परिचयाच्या प्रसंगापासून सुरुवात करतो. मोहोर फुटलेला आहे, हवा ढगाळ आहे, तुडतुडे दिसू लागले आहेत. फवारणीचा दिवस ठरतो, माणसे येतात, पिंपात औषध कालवले जाते आणि पंप दाब धरीत नाही. गावात पंप उघडणारा कोणी नाही. मग तो टेम्पोत टाकून शहरात न्यायचा. तेथे तुमच्यासारख्यांचे पंप आधीच रांगेत असतात. तीन-चार दिवस जातात. बिघाड पाहावा तर ऑइल सील गेलेले, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला. हे काम ज्याला सहज जमले असते, असा तुमच्याच वाडीतला मुलगा त्या वेळी मुंबईच्या एखाद्या गॅरेजात दुसऱ्याची गाडी दुरुस्त करीत असतो. आणि बागेची राखण व फवारणी यांसाठी आपण नेपाळमधून माणसे आणतो.

मुलगा मुंबईला गेला याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन पिढ्या हेच चालत आले आहे. जनगणनेचे आकडे पाहा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. त्याच गणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या दुसऱ्या आकड्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण केंद्राच्या आखणीत तो बहुधा कोणी धरीत नाही.

अशा केंद्राचा नीट चाललेला नमुना पाहायचा असेल तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचे म्हणणे साधे होते. शेतकऱ्याचे मूल हात वापरून शिकते, तेव्हा त्याला खरे काम द्या आणि त्या कामातून विज्ञान शिकवा. मुलांनी वेल्डिंग केले, बांधकाम केले, विहिरीची जागा ठरविण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजली, आणि हे काम सरावापुरते न ठेवता गावकऱ्यांसाठी केले. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस चालणारा अभ्यासक्रम त्यातूनच तयार झाला. त्याचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. दहावीत नापास झालेल्या मुलालाही तेथे वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात स्थान मिळाले. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या नामवंत संस्थेच्या सहकार्याने पाबळला अत्याधुनिक यंत्रांची फॅब लॅबही सुरू झाली. डॉ. कालबाग २००३ मध्ये गेले, पण काम थांबले नाही.

या हकिगतीतला क्रम ध्यानात घ्या. गावाचे काम आधी सुरू झाले, आणि संगणकावर चालणारी भारी यंत्रे जवळजवळ वीस वर्षांनी आली. आपल्याकडे नेमके उलटे होते. मी पाहिलेल्या एका केंद्रात पहिल्याच महिन्यात दहा संगणक आले. विजेचा दाब कमी-जास्त होई, त्याची सोय कोणी केली नाही. पावसाळ्यात खोलीला ओल आली. चार महिन्यांनी शिकविणारा मुलगा शहरात नोकरी मिळाली म्हणून गेला, आणि संगणकांवर चादरी पडल्या. गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथल्या मंडळींनी ते चांगल्या हेतूनेच केले होते.

पाबळची नक्कल मात्र करू नका. तेथे पाणी शोधण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की कलमांना पाणी नसते. म्हणून आपल्या केंद्रातली मुले उताराच्या जांभ्या जमिनीवर पाणी अडविणे, शेततळ्याचे प्लॅस्टिक जोडणे, आपल्या विद्यापीठाने सुचविलेला कोकण विजय बंधारा हाताशी असलेल्या दगडांतून उभारणे हे शिकतील.

आता त्या आधीच्या बैठकीविषयी. तिला इमारतीचा विषय ठेवू नये. प्रत्येक घराने एवढेच सांगावे की गेल्या बारा महिन्यांत कोणत्या कामासाठी आपल्याला गावाबाहेर जावे लागले किंवा बाहेरचा माणूस बोलवावा लागला, त्याला किती पैसे दिले आणि किती दिवस थांबलो. एका वहीत हे लिहून काढा. एका वाडीची वही भरली की चित्र दिसू लागते. फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, पॉवर टिलर, विहिरीवरची मोटर, घरातली वायरिंग, कलमे बांधणे, जुन्या झाडांची छाटणी, माडावर चढणे, काजूबी सोलणे, आमसुले वाळविणे. केंद्राचा अभ्यासक्रम या वहीतून निघाला पाहिजे. ज्या कामाला गाव आजच पैसे मोजते आहे, ते काम शिकलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक असते.

कोणी म्हणेल, हे तर मिस्त्रीकाम झाले, यात तंत्रज्ञान कोठे? मी एका नोझलचे उदाहरण देतो. नवे नोझल पंपाला लावून एक मिनिट बादलीत पाणी धरा आणि मोजा. समजा दोन लिटर भरले. त्याच दाबावर वापरातले नोझल लावले तर अडीच लिटर भरले. म्हणजे दोनशे लिटरचे पिंप शंभर मिनिटे पुरायचे, ते ऐंशी मिनिटांत संपते. औषध चौथ्या हिश्शाने जास्त गेले, थेंब जाड झाले आणि मोहोरावर बसण्याऐवजी खाली गळले. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पाणी जाऊ लागले की ते नोझल टाकून द्यावे, असा नियम आहे. आता या एका धड्यात त्रैराशिक आले, दाब आला, झीज आली, किडीचा जीवनक्रम सांगता आला आणि हातमोजे व तोंडाला मुखवटा का लावायचा हेही आले. शिवाय त्या संध्याकाळी मुलगा घरी जाऊन बापाचा पंप तपासतो.

तसेच कोय कलमाचे. पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या रोपावर काडी बांधायची, हे कोणीही एका सकाळी दाखवील. पण मुलाने पन्नास कलमे बांधावीत, प्रत्येकाला चिठ्ठी लावावी आणि दीड महिन्याने किती जगली, न जगलेली का गेली, काडी कोवळी होती, रोप जून झाले होते, की पट्टी सैल राहिली, हे लिहावे. दुसऱ्या खेपेस आकडा सुधारतो. शास्त्र शिकण्याची याहून सोपी वाट मला ठाऊक नाही. आंबा उतरविण्याचेही असेच आहे. आपल्या विद्यापीठाचा नूतन झेला बहुतेकांच्या घरी आहे, पण देठासह फळ का काढायचे, चीक सालीवर उतरला म्हणजे काय होते, हे झेला हाती धरणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

सर्वांत अवघड प्रश्न शिक्षकाचा. पदविका घेतलेला तरुण तुम्हाला मिळेल, पण तो टिकणार नाही. माझे मत असे की त्याच्या आधी आपल्याच गावात पाहावे. रेल्वेच्या कारखान्यातून, गोदीतून, बेस्टच्या आगारातून निवृत्त होऊन परतलेला फिटर, टर्नर, वायरमन आपल्याकडे बहुतेक मोठ्या गावांत सापडेल. १९८२ च्या गिरणी संपानंतर परतलेल्यांत कितीतरी कुशल कारागीर होते. त्यांचा उपयोग आपण करून घेतला नाही आणि आता ती पिढी हातातून गेली. आज परतणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक करू नये. अशा काकांना फळ्यावर शिकविता येणार नाही, त्याची गरजही नाही. हिशेब व विज्ञानाची बाजू शाळेतल्या गुरुजींनी सांभाळावी. दोघे मिळून एक शिक्षक होतो.

आणि पैसा. दुरुस्तीच्या मजुरीतून सुटे भाग व हत्यारांची झीज भरून निघेल, मुलालाही चार पैसे मिळतील. शिक्षकाचे मानधन मात्र सुरुवातीला त्यातून सुटणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो. म्हणून ग्रामस्थ मंडळाकडे पहिली मागणी इमारतीची करू नका. शिक्षकाच्या दोन वर्षांच्या मानधनाची रक्कम आधी बँकेत ठेवा. वर्ग शाळेच्या पडवीत भरेल, नाहीतर कोणाच्या मांगरात भरेल. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि मानधनावर येत नाही, ही अडचण आहे खरी. त्यावर तोडगा तुम्ही माझ्यापेक्षा बरा काढाल.

वेळापत्रक आपल्या पंचांगाप्रमाणे असावे. मार्च ते मे बागेत हात रिकामा नसतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की पिशवी भरून मुले मुंबईची गाडी धरतात, म्हणून त्यांच्याशी बोलणे निकालापूर्वीच, आंबा उतरविताना झाले पाहिजे. लावणीच्या दिवसांत दुपारनंतर कलमांचे वर्ग घेता येतात. गणपतीला चाकरमानी गावात असतात, त्यांतल्या एखाद्या मोटर दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवस दिले तरी पुष्कळ. पंपांचे शिबिर मात्र भातकापणी आटोपताच, मोहोर येण्यापूर्वी झालेच पाहिजे. जानेवारीत भरविलेले पंपाचे शिबिर कोणाच्याच कामाचे नाही.

मघाच्या ११२२ या आकड्याकडे येतो. गावात राहिलेल्यांत स्त्रिया अधिक आहेत, आणि केंद्राची वेळ मात्र संध्याकाळी सातची ठेवली जाते. मग मुली येणार कशा? शाळा सुटल्यावर लगेचची वेळ ठेवा. काजू प्रक्रिया, आमसुले आणि रोपवाटिका मुलींसाठी, तर यंत्रे मुलांसाठी अशी वाटणीही करू नका. मोटरचे वाइंडिंग हे नाजूक बोटांचे व चिकाटीचे काम आहे.

विम्याविषयी दोन शब्द. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे सहा दिवसांचे शिक्षण देण्याची योजना राबविली. त्यात शिकणाऱ्याला चढण्याचे यंत्र दिले आणि त्याचा विमाही उतरविला. आपल्या केंद्रात वीज, पेट्रोल, पाती आणि उंची या चारही गोष्टी येणार. पहिल्या मुलाचा हात हत्याराला लागण्यापूर्वी विमा, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांची लेखी संमती झालेली असावी. विजेच्या तारांजवळच्या झाडावर धातूची काठी वापरायची नाही, हा पहिला धडा.

बाहेरची मदत आहे, ती घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रे १९७४ पासून देशात काम करीत आहेत आणि हाताने करून शिकणे हेच त्यांचे तत्त्व आहे. आपल्या जिल्ह्यातील केंद्राचे तज्ज्ञ तुमच्या वहीवरून शिबिरे आखून देतील. माडाच्या कामासाठी भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र जवळ आहे. अठरा वर्षांवरील मुलांना बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निःशुल्क शिकता येते, तेथे पुढे कर्जाची वाटही समजते. दापोली तालुक्यात चिखलगावला डॉ. राजा दांडेकर व रेणू दांडेकर यांनी १९८२ पासून उभ्या केलेल्या लोकसाधनेची शाळा एकदा अवश्य पाहून या. शिक्षणाला हातकामाची जोड कोकणातल्या खेड्यात कशी देता येते, ते तेथे दिसेल. ड्रोनविषयी मला नेहमी विचारतात. ते चालविण्याचा परवाना मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतो, गावच्या केंद्राला तो देता येणार नाही. ज्याला पंपाचे नोझल मोजता येते, अशा मुलाला नंतर तिकडे पाठवा.

पुढच्या बैठकीस येताना दोन गोष्टी आणाव्यात. एक, आपल्या घराची बारा महिन्यांची यादी. दुसरी, आपल्या पंपाचे वापरातले नोझल. बादली, मोजपात्र आणि नवे नोझल मी आणीन. येताना सोबत घरातल्या मुलाला किंवा मुलीला आणा, मोजणी त्यांनीच करायची आहे.