नावेच्या मोटारीची तेलगळती
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला माणूस, बोलण्यापेक्षा पान्याची सवय जास्त. म्हणून रेल्वेचे इंजिन बाजूला ठेवून बालाजी घाटावरच्या एका लहान मोटारीची हकीकत सांगतो.

गेल्या कार्तिकात पंचगंगेवर पहाटे स्नानाला जाणाऱ्या आपल्यातल्याच एका आजींनी मला हटकले, "अरे, पाण्यावर तेलाचे रंग तरंगतात. बुडी मारायची की नाही?" गंगा इथे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे बालाजी घाटावर सांडलेले पंचगंगेला पोचतेच. वर जाऊन पाहिले तर ओळखीच्या मल्लाहाची नाव. तोही म्हणाला, "साहब, तेल चुअत हौ."

इथल्या बहुतेक नावांचे इंजिन आत बसवलेले. २०२१ पासून त्यातली बरीच सीएनजीवर गेली. याची मात्र मागच्या फळीला टांगलेली पेट्रोलची टू-स्ट्रोक मोटार. तिच्या पेट्रोलात तेल मिसळलेले असते आणि धूर पाण्याखालून सुटतो, त्यामुळे चालताना थोडा तवंग येणारच. पण इथे बंद मोटारीखालीही तवंग होता. म्हणजे गळत होते ते खालच्या गिअरचे तेल.

पहिली चूक माझीच. खालच्या स्क्रूचा वायसर बदलला, वरच्या भोकातून तेल ओतले आणि घरी गेलो. वरून ओतले की आत हवा अडकते. पेटी भरली असे नुसते वाटते. चार दिवसांनी पुन्हा तेच रंग. या वेळी तेल काढले तर ते ताकासारखे पांढरे! पाणी आत शिरले होते. तसेच चालवले असते तर गिअर खाल्ले जाऊन देवदिवाळीच्या गर्दीत भरलेली नाव प्रवाहात अडकली असती. त्याच्या वर्षाच्या कमाईची ती रात्र.

मग पंखा उतरवला. मागे दांड्याला पतंगाचा मांजा आणि हारांचा दोरा करकचून गुंडाळलेला. (तो आपल्या घरचाही असेल!) त्यानेच सीलची कड कापली होती. तिथे दोन सील पाठीला पाठ लावून बसतात, एक तेल आत ठेवते, दुसरे पाणी बाहेर. दोन्ही बदलली. जुनी काढताना दांड्याला ओरखडा पडू द्यायचा नाही, नाहीतर नवे सीलही गळते. नव्या सीलच्या कडेला ग्रीस लावले.

तेल भरण्याआधी सायकलच्या पंपाने बेताची हवा भरून पेटी टबात बुडवली. दहा पौंडांच्या आसपास पुरे. जास्त दाबाने चांगले सीलही उखडते. बुडबुडा आला नाही. मग खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत तेल चढवले. आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा, दोन्हींना नवे वायसर. जुने तेल डब्यात भरून नेले, घाटावर थेंब नाही.

देवदिवाळीला नाव चालली. मल्लाह आता दर पंधरवड्याला पंखा काढून दोरा साफ करतो. मागच्या आठवड्यात मला मूठभर दाखवला. बराचसा झेंडूच्या माळांचा होता.